रंगाआधी सांधा वाळू द्या!

गेल्या पावसाळ्यात किहीमच्या घरी जिप्सम बोर्डाचं पार्टिशन मी घाईत रंगवलं. दिवाळीपर्यंत सांध्यांवर भेगा! चूक माझीच. समुद्राकाठची दमट हवा, त्यात पहिला हात ओला असतानाच दुसरा मारला. कंपाऊंड वाळताना आकसतं ना!

आता ऐका. सांध्यावर कंपाऊंड लावून कागदी टेप दाबून बसवा. वरून दोन हात, प्रत्येक आधीपेक्षा रुंद. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. ओलसर भाग गडद दिसतो. मग मास्क लावून १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा, उंचवटे लगेच दिसतात. धूळ पुसा, प्रायमर मारा, मगच रंग. पावसाळ्यात एक दिवस जास्त थांबलात, तर पुन्हा खरवडायची वेळ येणार नाही.