खर्च झाल्यानंतरचा प्रश्न

संसदेचे कामकाज म्हणजे सभागृहातील गदारोळ, अशी समजूत मला विद्यार्थ्यांतच नव्हे, तर शिक्षकांतही आढळते. पैशाचा खरा हिशेब मात्र बंद दालनात मागितला जातो. तो मागणारी लोकलेखा समिती १९२१ पासूनची. लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य तीत असतात. मंत्र्यास तीत स्थान नाही. १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले, तेव्हापासून ते पद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे.

महालेखापरीक्षकांच्या अहवालातील निवडक प्रकरणे घेऊन समिती खात्याच्या सचिवांना साक्षीस पाचारण करते. संसदेने ज्या कामासाठी रक्कम मंजूर केली, त्याच कामी ती खर्ची पडली काय? आणि नियमानुसार पडली, तरी ती उधळपट्टी नव्हती ना? हा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पावती बिनचूक असूनही पैसा वाया गेलेला असू शकतो.

पैसा गेल्यावर ही शवचिकित्सा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. माझे उत्तर असे की, उद्या त्या दालनात उभे राहावे लागेल या जाणिवेनेच आज सही करणारा हात थबकतो. खर्चापूर्वीच्या छाननीसाठी १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्याही आल्या, कारण अनेक मागण्या वेळेअभावी चर्चेविनाच मतास टाकल्या जातात.

शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र त्यांवर काय केले, हे समितीला कळवावे लागते आणि ते उत्तरही समिती पुन्हा तपासते. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सारे कान टवकारून बसतो. समितीचा अहवाल पटलावर येतो, त्या दिवशी कोणी बसल्याचे मला स्मरत नाही.