कडू चवीचे अर्थशास्त्र

खोपोलीजवळच्या साजगावचा विठोबा पंचक्रोशीत 'बोंबल्या विठोबा' या नावाने ओळखला जातो. कार्तिकातील त्याच्या यात्रेला धाकट्या पंढरीचा मान आहे. एकीकडे टाळमृदंगाचा गजर चालू असतो आणि दुसरीकडे सुक्या बोंबलांचे ढीग लागलेले असतात. दर्शन आटोपले की वर्षाची बेगमी बांधून माणसे घराकडे वळतात. किनाऱ्याची मासळी आणि घाटावरचा माल यांची गाठ ज्या वाटेवर पडे, तिच्या पायथ्याशी हे गाव वसलेले आहे. खुद्द तुकोबा येथे मिरच्या विकावयास येत, अशी आख्यायिका सांगितली जाते. भक्ती आणि जिभेची रुची यांचे वैर असलेच पाहिजे, असे या गावाने कधी मानलेले दिसत नाही.

रुची ही केवळ जिभेची गोष्ट नव्हे. वाटा, बाजार, कर आणि कायदे यांनी ती घडते आणि बिघडतेही. या विधानाचा पडताळा पाहावयाचा तर अमेरिकेतील पेल एल नावाच्या बिअरचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ते वाटते तितके परके नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल पुण्याच्या छावणीकडे याच बाजूने चढू लागला. त्या मालात गोऱ्या अंमलदारांसाठी आलेली पेल एलची पिपेही असणारच. लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसनची एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानात येत होती. १८२० नंतर बर्टन गावचे उत्पादक त्या व्यापारात उतरले. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासात पेय आंबट होऊ नये म्हणून त्यात हॉप अधिक घालीत. त्या व्यापाराची खूण 'इंडिया पेल एल' या नावात आजही शिल्लक आहे.

चव येते कोठून?

सातू, पाणी, हॉप आणि यीस्ट या चार गोष्टींवर हे पेय उभे असते. नाचणीला मोड आणून ती वाळवावी व तिचे सत्त्व करावे, तशीच काहीशी सातूची गत. मोड आल्याने धान्यातील पिष्टाची साखर होण्याची तयारी होते. पुढे ते कमी भाजले की फिका रंग येतो, अधिक भाजले की तांबूस. हॉप ही भांगेच्या कुळातील एक वेल. तिच्या हिरव्या बोंडांत पिवळी, चिकट भुकटी असते. कडवटपणा आणि सुगंध हे दोन्ही तिच्यातून येतात. बोंडे प्रारंभीच घालून दीर्घकाळ उकळली तर कडवटपणा उतरतो. अखेरीस घातली तर सुगंध टिकतो. फोडणीतली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच येथे.

अमेरिकी पेल एलची सारी ओळख कॅस्केड नावाच्या हॉपमध्ये आहे. ग्रेपफ्रूट हे फळ पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले. कॅस्केडचा वास त्याच्या सालीसारखा, किंचित फुलांचा आणि मागाहून चीडाच्या राळेचा. पेला जवळ आणताच प्रथम हा वास येतो. मग भाजल्या सातूची मंद गोडी, पाकाच्या कडेला लागलेल्या साखरेसारखी, जिभेवर पसरते; आणि घोट उतरल्यावर स्वच्छ, कोरडा कडवटपणा मागे राहतो. हे पेय बर्फागत गार करून पिऊ नये, कारण अतिथंडीत जीभ बधिर होते आणि वास दडून बसतो. भाजलेल्या सुक्या बोंबलाचा खारट, उग्र स्वाद आणि हा कडवटपणा यांचे चांगले जमते. एकाने दुसऱ्याची धार कमी होते.

कडू म्हणजे विषारी, ही निसर्गाने दिलेली सूचना. म्हणूनच मूल कारल्याला तोंड फिरवते. कडवटाची गोडी शिकावी लागते, आणि शिकलेली रुची बहुधा सावकाशीची असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकविला जाणारा घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त येथे नेमका लागू पडतो. चवीसाठी पिणाऱ्याला पहिल्या पेल्याचे सुख दुसऱ्यात मिळत नाही. तो आपण होऊन थांबतो. नशेसाठी पिणारा मात्र या सिद्धान्ताला फसवू पाहतो. रुपयामागे नशा किती, हाच त्याचा हिशेब. भारतात खपणारी बहुतांश बिअर 'स्ट्राँग' का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हिशेबात आहे.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशव्यापी दारूबंदी होती. ती उठली तेव्हा लहान उत्पादक बहुतांशी नामशेष झाले होते. पुढे मोठ्या कंपन्यांनी एकाच तऱ्हेची फिकी, थंड लागर बिअर देशभर पोचविली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभराहून कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या. ग्राहकाला दुसरी चव नकोच होती, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला असता. तो चुकीचा ठरला असता. जी वस्तू बाजारात नाही तिची मागणी आकड्यांत दिसत नाही.

बदल घडला तो तीन दिशांनी. पहिली दिशा सार्वजनिक संशोधनाची. सरकारी कृषी खाते व ओरेगॉनचे विद्यापीठ यांच्या दीर्घ प्रयोगांतून कॅस्केड हा वाण १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. दुसरी दिशा करांची. १९७६ मध्ये लहान उत्पादकांच्या पहिल्या साठ हजार पिपांवरील कर पिपामागे ९ डॉलरवरून ७ डॉलरवर आला. तिसरी दिशा कायद्याची. घरगुती बिअर करण्यावरची बंदी उठविणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्येच कॅस्केडची एल काढली होती. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील चिको या गावी केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी यांनी दूधधंद्यातील जुनी सामग्री जुळवून सिएरा नेवाडा पेल एल केली. पुढे तीच या प्रकाराचा मानदंड ठरली. आज त्या देशातील ब्रुअऱ्यांची संख्या ९,००० च्या वर आहे.

आणि येथे?

हे वारे महाराष्ट्रातही आले. पुण्यात २००९ मध्ये 'डूलॅली' ही लहान ब्रुअरी निघाली. नाशिकजवळच्या देवळालीचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेले रूप म्हणजे हा शब्द. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा अनेक जागा उभ्या राहिल्या. तेथे एक पेला पिणाऱ्याची गणना रसिकांत होते. ती होण्यास हरकत नाही. परंतु त्याच न्यायाने घाटाखालच्या माणसाचा विचार कोणी करणार आहे काय?

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत मोहाचे झाड हे कातकरी व ठाकर कुटुंबांचे अन्न, तेल आणि पेय. किनाऱ्याकडे ताडीमाडीचे तेच स्थान होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला आणि मद्य मक्तेदारांच्या हाती गेले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या फुलाची घरात भाकरी होते ते घरात ठेवणे हा गुन्हा ठरला! हेतू प्रजेच्या नीतीचा सांगितला गेला. मुख्य हित महसुलाचे होते. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यामागे प्रामाणिक ध्येयवाद होता, हे नाकारता येणार नाही. परंतु पिणे थांबले नाही, ते अंधारात गेले. अंधारातील मालाला ना प्रत, ना तपासणी. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती सारी गरिबांच्या वस्तीतील होती.

यावर आक्षेप येईल की, दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली त्यांना चवीच्या गोष्टी सांगू नयेत. आक्षेप खरा आहे आणि तो प्रथम स्त्रियांचा आहे. घरचा पगार गुत्त्यात जातो तेव्हा सिद्धान्त कामी येत नाहीत. महाराष्ट्रात सौम्य बिअरलाही २१ वर्षांची अट आहे, ती योग्यच आहे. मात्र याच आक्षेपातून एक प्रश्न निघतो. राज्याने कर बसविताना चव आणि नशा यांत भेद करावा की नाही? कर जर मद्यार्काच्या प्रमाणाशी चोख बांधला, तर सौम्य पेय तुलनेने स्वस्त होईल आणि 'रुपयामागे नशा' हा हिशेब पिणाऱ्याला तोट्याचा ठरेल. लहान उत्पादकाला परवाना सुलभ आणि तपासणी कडक केली, तर ताडी व मोह यांनाही उजेडात येता येईल. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य त्यामुळे प्रतिष्ठित झाले. खालापूरच्या मोहाला तो मार्ग कायमचा बंद असावा, असे कोणतेही तत्त्व नाही.

अमेरिकेत कर, कायदा आणि संशोधन यांच्या बळावर लहान माणसाच्या हाताची चव परत आली. ती ज्या बिअरमधून आली, तिचे पूर्वज एकेकाळी बोरघाट चढून गेले होते. त्याच घाटाच्या पायथ्याला विठोबाने बोंबलांचा बाजार आपल्या दारात मांडू दिला, आणि त्याने देवाचे देवपण उणे झाले नाही. राज्यकर्त्यांनी तेवढे औदार्य दाखविले नाही तरी चालेल. हिशेब तरी सरळ मांडावा.