विटांतली समता, दारावरचा दाता

लंडनच्या शोरडिच परिसरात, किंग्जलँड रोडवर १७१४ साली उभी राहिलेली जेफ्री आम्सहाउसेस म्हणजे गरीब वृद्धांसाठी दानातून बांधलेली घरे. आज तेथे ‘म्युझियम ऑफ द होम’ आहे. अंगणाच्या तीन बाजूंना विटांची १४ घरे. प्रत्येकात चार खोल्या. रहिवाशाच्या वाट्याला एक खोली आणि तिची स्वतंत्र चूल. सारखी दारे, सारख्या खिडक्या. या रांगेत कोणाचे घर उच्च नाही, कोणाचे नीच नाही. म्हातारपणी आतून लावता येणारे स्वतःचे दार माणसाला केवढा सन्मान देते, हे येथे उमगते.

परंतु मधल्या प्रार्थनागृहाच्या दारावर दाते सर रॉबर्ट जेफ्री यांचा पुतळा आहे. प्रार्थनेस जाणाऱ्याला त्याच्याच खालून जावे लागे. या जेफ्रींची गुंतवणूक गुलामांच्या व्यापारातही होती. २०२० साली लोकांचे मत विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी पुतळा हटवावा असे सांगितले. तरी तो तेथेच राहिला.

मुलांना ही वास्तू दाखवताना आम्ही दोन्ही गोष्टी दाखवतो: खोलीने दिलेला सन्मान आणि पुतळ्याने मागितलेली कृतज्ञता. निवारा हक्क म्हणून मिळाला, तर दात्यापुढे मान लववावी लागत नाही.