स्नायूला कळतो फक्त ताण

जिम परवडत नाही किंवा तिथवर जायला वेळ नाही, म्हणून व्यायामच सोडून देणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत पैलवानांच्या पिढ्या घडल्या त्या जोर, बैठका आणि सपाट्यांवर. यंत्रं तिथं फार उशिरा पोचली. स्नायूला ताण मिळाला की तो वाढतो. तो ताण लोखंडाचा आहे की स्वतःच्याच देहाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे 60 किलोचा माणूस दरवेळी 40 किलोंच्या आसपास ढकलतो. गुडघे टेकवले की हा भार शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर येतो, पाय खुर्चीवर ठेवले की वाढतो. जिममध्ये प्लेटा बदलतात, घरी कोन बदलायचा.

कमी वजनानं स्नायू वाढतात का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात यावर प्रयोग झाले. हलकं वजनही अगदी थकेपर्यंत उचललं, तर स्नायू जड वजनाइतकेच वाढल्याचं दिसलं. ‘थकेपर्यंत’ हीच त्यातली अट, आणि इथंच बहुतेकांचं घोडं अडतं. रोज त्याच पन्नास बैठका वर्षानुवर्षं मारल्या तर दमसास टिकतो, मांडी भरत नाही. बैठका सहज व्हायला लागल्या की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्या. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा. पुढं एका पायावर खुर्चीतून उठून पाहा. ‘आता फार तर दोनच निघतील’ असं वाटेपर्यंत थांबू नका. सांधा दुखला तर मात्र लगेच थांबा.

घरच्या व्यायामात पाठ हमखास राहून जाते. पुशअपनं छाती आणि खांदे तयार होतात, पण ओढण्याचं काम कुणी करतच नाही. त्यासाठी पाण्याची बादली उत्तम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं. एक हात पलंगावर टेकवा, पाठ सरळ ठेवून वाका आणि दुसऱ्या हातानं बादली कमरेपर्यंत ओढा.

आता ताटाकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद प्रौढांना दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगते. स्नायू वाढवायचे तर 1.6 ग्रॅमपर्यंत गरज जाते. पातळ वरण-भातावर ती भागणं अवघड. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. जोडीला उसळ, दही, शेंगदाणे आहेतच. महागड्या पावडरीवाचून काही अडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगते, बायकांनी आणि साठीपुढच्यांनीही. घरातल्या आई-आजीलाही यात ओढा. जमिनीवर जमत नसेल तर भिंतीला हात टेकवून पुशअप करा, पण सुरुवात याच आठवड्यात करा.