बर्फाच्या आधारे विज्ञानशिक्षण

बर्फाच्या आधारे विज्ञानशिक्षण ही बर्फ, हिम आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या उदाहरणांतून मुलांना भौतिक विज्ञानाच्या मूलभूत संकल्पना शिकवण्याची पद्धत होय. घनता, प्लवन, अवस्थांतर, अप्रकट उष्मा आणि प्रकाशाचे परावर्तन या संकल्पना बर्फ, मीठ, तापमापक व काचेची भांडी एवढ्या साहित्यावर पडताळता येतात. ध्रुवांवरील मोठ्या घटनांमागेही हेच नियम असतात. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज सांगावा, मग निरीक्षण करावे आणि शेवटी कारण शोधावे, असा या पद्धतीचा क्रम असतो.

इतिहास

योहानेस केप्लर याने १६११ मध्ये हिमकणांच्या षट्कोनी आकारावर छोटी पुस्तिका लिहिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळातील व्याख्याने सुरू झाली. तेथेच जॉन टिंडल याने १८७१-७२ मध्ये बर्फ, पाणी, वाफ आणि हवा या विषयावर व्याख्याने दिली. त्यांच्या आधारे १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ढगापासून हिमनदीपर्यंतचा पाण्याचा प्रवास उलगडला आहे.

प्रमुख संकल्पना

घनता आणि प्लवन : गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी, पोकळ रचनेत बांधले जातात, त्यामुळे आकारमान वाढते. बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९१७ ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ ग्रॅम असते. म्हणून हिमनगाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली राहतो. गोड्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात. त्यामुळे थंड प्रदेशातील तळे वरून गोठले तरी तळाशी जलचर जगतात. हे उदाहरण समुद्राला मात्र जसेच्या तसे लागू पडत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची घनता गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १.८ अंशांपर्यंत, वाढतच जाते.

अप्रकट उष्मा : वितळत्या बर्फात ठेवलेला तापमापक, मिश्रण ढवळत राहिल्यास, बर्फ संपेपर्यंत ० अंशावर स्थिर राहतो. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने १ ग्रॅम पाण्याचे तापमान ० वरून सुमारे ८० अंशांपर्यंत वाढले असते.

गोठणबिंदू : मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. बर्फ व मीठ यांचे मिश्रण सुमारे उणे २१ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यात याच तत्त्वाचा उपयोग होतो. हे मिश्रण त्वचेला इजा करते. म्हणून त्यास हात लावू देऊ नये.

प्रकाशाचे परावर्तन : ताजे हिम सूर्यप्रकाशाचा सुमारे ८० ते ९० टक्के भाग परत पाठवते; उघडा समुद्र त्यातील बहुतेक भाग शोषून घेतो. उन्हात पांढऱ्या व काळ्या कागदाखाली तापमापक ठेवून हा फरक दाखवता येतो. बर्फ घटला की शोषण वाढते व आणखी बर्फ वितळते, हे चक्र त्यातून समजते.

समुद्रपातळीचा प्रयोग

‘बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते’ हे विधान मुले पाठ करतात. पण कोणता बर्फ, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. दोन सारख्या भांड्यांत पाणी घेऊन एकात बर्फाचे खडे तरंगत सोडतात. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर तितकेच खडे ठेवतात आणि दोन्हीकडे पातळीची खूण करतात. बर्फ वितळल्यावर दुसऱ्या भांड्यातील पातळी चढते, पहिल्यातील बदलत नाही. कारण तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारतो. पहिल्या भांड्यात खारे पाणी घेतल्यास पातळी किंचित वाढते, कारण वितळलेले गोडे पाणी कमी घनतेचे असते.

आर्क्टिक महासागरावरील बर्फ पहिल्या भांड्यासारखा, तर ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांवरील हिमस्तर दुसऱ्यासारखे आहेत. ग्रीनलंडचा हिमस्तर पूर्ण वितळल्यास समुद्रपातळी सुमारे ७ मीटर, तर अंटार्क्टिकाचा वितळल्यास सुमारे ५८ मीटर वाढेल, असा अंदाज आहे.

प्रचलित गैरसमज

ध्रुव सूर्यापासून दूर असल्याने थंड असतात, हा समज चुकीचा आहे. तेथे सूर्यकिरण तिरपे पडून अधिक क्षेत्रावर पसरतात, हे विजेरीचा झोत कागदावर तिरपा टाकून दाखवता येते. दाबामुळे बर्फ वितळतो म्हणून त्यावर घसरता येते, हे स्पष्टीकरणही अपुरे आहे. दाब १०० वातावरणांनी वाढला तरी वितळणबिंदू १ अंशानेही उतरत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही द्रवासारखा पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरेडे याने १८५० मध्ये मांडली.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी हिमवर्षाव पाहिलेला नसतो. मात्र गारा, बर्फाची लादी आणि बर्फाचा गोळा त्यांच्या परिचयाचे असतात. राज्याच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन व पाण्याचे असंगत आचरण यांचा समावेश आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रही गोव्यातच, वास्को येथे आहे. तरंगत्या हिमफळीवर उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले स्थानक पुढे हिमाखाली गाडले गेले. नंतरचे ‘मैत्री’ खडकाळ जमिनीवर उभारण्यात आले.

मर्यादा

भांड्यातील खडा हे हिमस्तराचे केवळ प्रारूप आहे. हिमस्तर स्वतःच्या वजनाने हळूहळू वाहतो, त्यावर नवे हिम साचते आणि तापलेल्या समुद्राचे पाणीही प्रसरण पावते. यांतील काहीही या प्रयोगात दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक ठरते.