अकरावीचे रसायनशास्त्र आणि दुकानातला काटा

मार्चच्या मध्यास दहावीची परीक्षा संपते, मे महिन्यात निकाल लागतो आणि अकरावीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागेपर्यंत पावसाळा सुरू झालेला असतो. २०२५ साली संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तेव्हा तर अनेकांची प्रतीक्षा ऑगस्टपर्यंत लांबली. या अवधीत आपल्या व्यापारी कुटुंबांत साधारणपणे दोन गोष्टी घडतात. मूल दुकानाच्या गादीवर बसू लागते, किंवा लातूरच्या एखाद्या शिकवणीचे शुल्क भरून पालक निश्चिंत होतात. मी दुसऱ्या प्रकारातला पालक होतो.

माझी लेक २००० साली दहावी झाली. विज्ञानात उत्तम गुण होते, डॉक्टर होण्याची इच्छा होती. ती मराठी माध्यमातली. अकरावीत सर्व विज्ञान इंग्रजीतून. पहिल्या घटक चाचणीत रसायनशास्त्रात तिला २५ पैकी ४ गुण मिळाले. दिवाळीनंतर तिने आपण होऊन वाणिज्य शाखा मागून घेतली. मी स्वतः एम. कॉम., बँकेत नोकरीला. मला तो निर्णय शहाणपणाचाच वाटला. आज ती सासरच्या पेढीचे हिशेब चोख सांभाळते आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. मात्र तिची मुलगी विज्ञान शाखेला जाणार असे ठरले, तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, “बाबा, हिला जूनपर्यंत मोकळी सोडू नका.” त्या वाक्याने मी चपापलो. नात सुटीसाठी बीडला आमच्याकडे आली आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले.

पहिली चूक मी लगेच केली. अकरावीचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावयास घेतले आणि चौथ्या दिवशी दोघेही अडलो. अडण्याचे कारण अकरावीत नव्हतेच, ते नववीत होते. नववीच्या विज्ञानातील ‘द्रव्याचे मोजमाप’ हे प्रकरण बहुतेक मुले परीक्षेपुरते वाचून विसरतात. त्यातच मोल ही संकल्पना येते आणि अकरावीचे पहिले प्रकरण तिच्यावरच उभे आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही सर्व पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, म्हणून जुनी पुस्तके रद्दीत गेली असली तरी अडचण नाही.

मोल म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या मुलाला समजावून सांगणे वस्तुतः सोपे आहे. १२ नगांचा डझन, १४४ चा ग्रोस, १०० नोटांची गड्डी. तशीच अणुरेणूंची गड्डी म्हणजे मोल. फरक केवळ आकड्याचा. सहा कोटी लिहावे आणि त्यापुढे आणखी १६ शून्ये द्यावीत, साधारण तेवढे कण एका मोलमध्ये असतात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच निश्चित करण्यात आला आहे. एवढे कण मोजणार कोण? ते वजनावरून मोजतात. आमच्या शाखेत नाण्यांची थैली आली की एकेक नाणे न मोजता ती काट्यावर ठेवून अंदाज घेत. एका नाण्याचे वजन ठाऊक असले की थैलीतील संख्या कळते. रसायनशास्त्रज्ञही हेच करतात.

हे नातीच्या गळी उतरले ते पुतण्याच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यामुळे. काटा अर्धा ग्रॅम दाखवीत नसल्याने आम्ही दोन-दोन मोल घेतले: पाणी ३६ ग्रॅम, मीठ ११७, खाण्याचा सोडा १६८ आणि साखर ६८४. पाण्याने वाटीचा तळही जेमतेम झाकला, साखरेला मात्र पातेले लागले. तरी पाण्यात जितके रेणू, तितकेच साखरेत. “नानाजी, मग साखरेचा रेणू पाण्याच्या एकोणीसपट जड,” असे तिने स्वतःच म्हटले, तेव्हा मला फार समाधान वाटले.

मग तोच सोडा स्टीलच्या कढईत तापवला. (ॲल्युमिनियमची कढई घेऊ नये, तयार होणारा पदार्थ तिला खातो, आणि घरातील मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा उद्योग मुळीच करू नये.) तापवल्यावर खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. तिने आधी कागदावर हिशेब मांडला: १६८ मधून ४४ ग्रॅम वायू आणि १८ ग्रॅम पाणी वजा जाता १०६ उरावेत. काट्याने १११ दाखवले. पाच ग्रॅमची तफावत! संध्याकाळी रोकड जुळली नाही तर बँकेत कोणी घरी जात नसे, त्या सवयीने मी तिला सोडले नाही. बराच विचार करून ती म्हणाली, तळचा सोडा तापला, वरचा तसाच राहिला असेल. पुन्हा ढवळून तापवला, १०७ आले. उरलेला एक ग्रॅम आम्ही काट्याच्या नावे टाकला.

या शास्त्राला हिशेबाची शिस्त लावण्यात ज्याचा मोठा वाटा, तो फ्रान्सचा लाव्हाझिए हा सरकारसाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीतला भागीदारच होता. अभिक्रियेपूर्वीचे वजन आणि नंतरचे वजन जुळलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह आपल्या पेढीवर कोणालाही पटेल. त्या करवसुलीपायीच १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला, ही गोष्ट नातीने मला सांगितली.

दुसरे काम भाषेचे. तिने खतावणीसारखी वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, आम्लारी म्हणजे बेस. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना याची गरज कमी, पण मराठी माध्यमातील मूल वर्गात मागे पडते ते पुष्कळदा येथेच. संज्ञा लिहिण्यातही काटेकोरपणा हवा: सी पुढचा ओ मोठा काढला तर कार्बन मोनॉक्साइड, लहान काढला तर कोबाल्ट. घातांक आणि लॉग टेबल यांचा सरावही याच सुटीत उरकावा, कारण बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही.

बाकी घाई नको. अणुरचना आणि रासायनिक बंध ही प्रकरणे नुसती वाचून ठेवली तरी पुरे. नीट परीक्षेतील १८० प्रश्नांपैकी ४५ रसायनशास्त्राचे असतात आणि त्यांत अकरावीचा भागही येतो, हे खरे. परंतु त्या धास्तीने उन्हाळ्यातच संपूर्ण अकरावी संपवणाऱ्या शिकवण्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. बीडच्या उन्हात सकाळी नऊच्या आत दीड तास, एवढाच आमचा नेम होता. लग्नसराईत तोही अनेकदा मोडला.

नातीचा पुढचा प्रयोग तिने स्वतःच शोधला. तिची नानी पाणी उकळूनच पिते आणि आमच्या बोअरच्या पाण्याने त्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो. त्यावर लिंबू पिळताच बारीक फेस आला. तो वायू कोणता, थर कशाचा, आणि उकळण्याआधी तो पाण्यात कोणत्या रूपात होता, हे तिने दोन दिवस पुस्तकात शोधून नानीला समजावले. नानीने पातेले घासून घेतले.

पहिल्या घटक चाचणीत तिला २५ पैकी १७ मिळाले. गेलेल्या आठांपैकी तीन गुण लॉग टेबलच्या चुकीचे आहेत, ते दिवाळीच्या सुटीत पाहायचे ठरले आहे. ती वही सध्या तिच्या आईजवळ आहे.