खूणचिठ्ठीची चोरी

ऑक्टोबर २०१० मध्यें एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरनें ‘फायरशीप’ नांवाचें एक साधन ब्राउझरसाठीं प्रसिद्ध केलें आणि मोठी खळबळ उडाली. उपाहारगृहांतील खुल्या वायफायवर शेजारीं बसलेल्या माणसाच्या फेसबुक-खात्यांत त्याच्या साहाय्यानें कोणासही शिरतां येऊं लागलें. गंमत अशी कीं, पासवर्ड सांकेतिक लिपींतच जात असे. तो चोरावयाचें कारणच नव्हतें! एकदां प्रवेश मिळाला म्हणजे संकेतस्थळ ‘कुकी’ नांवाची खूणचिठ्ठी देतें. ती मात्र पुढें प्रत्येक पानाच्या मागणीबरोबर पोस्टकार्डासारखी उघडी फिरे, आणि चिठ्ठी ज्याच्या हातीं तोच घरधनी ठरे. दाराला भक्कम कुलूप, पण भिंतींचाच पत्ता नाहीं, असा हा प्रकार!

तेव्हां नुसता पासवर्ड झांकून भागत नाहीं. सारा संवादच सांकेतिक असावा लागतो. जानेवारी २०११ मध्यें फेसबुकनें ती सोय ऐच्छिक म्हणून दिली. २०१३ मध्यें ती सर्वांस लागू झाली. पत्त्याच्या आरंभींचें ‘एचटीटीपीएस’ हें तिचेंच चिन्ह होय. अर्थात् त्यानें वाटेंतला चोर आंधळा होतो, पलीकडचा धनी नव्हे. संकेतस्थळाचा चालक आपल्याकडे आलेलें सारें वाचूं शकतो. शिवाय कोणत्या स्थळीं गेलें तें नांव बहुधा वाटेंत दिसतेंच.